भूमीचा रस आणि वैद्याचे कर्तव्य
(अभ्यासलेख)

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीजवळ, गंगातीरीच्या वनात, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात फिरत असताना भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, नक्षत्रे, ग्रह, चंद्र, सूर्य, वायू, अग्नी व दिशा यांच्या ठिकाणी विकृतीची लक्षणे दिसू लागली आहेत. लवकरच भूमी नीरस होईल आणि तिच्यासोबत औषधींचे रस, वीर्य, विपाक व प्रभावही क्षीण होतील. म्हणून त्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा. परीक्षेच्या निमित्ताने आपण या अध्यायातील चार भाव आणि त्यांच्या विकृतीचे मूळ असलेला अधर्म एवढे ध्यानात ठेवतो. परंतु या प्रसंगात आणखी एक सिद्धांत दडलेला आहे. औषधीचे सामर्थ्य हे केवळ औषधीचे नसून ते भूमीने तिला दिलेले असते. भूमीचा रस गेला की फार्मसीतील कोणतीही प्रक्रिया तो परत आणू शकत नाही.

आत्रेयांच्या काळी चिंता अशी होती की, भूमी बिघडली तर औषधी जातील. आज प्रश्नाची दुसरी बाजूही समोर आली आहे. औषधींचा अमर्याद संग्रह हेच भूमी बिघडण्याचे एक कारण झाले आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत व्यापारात असलेल्या ९६० वनस्पती नोंदल्या गेल्या. त्यांतील १७८ वनस्पतींचा वार्षिक व्यापार प्रत्येकी १०० मेट्रिक टनांहून अधिक होता. पुढे २०१४-१५ या वर्षासाठी झालेल्या पाहणीत व्यापारातील वनस्पतींची संख्या ११७८, प्रत्येकी १०० मेट्रिक टनांहून अधिक उलाढाल असलेल्यांची संख्या २४२, आणि देशातील एकूण मागणी सुमारे ५,१२,००० मेट्रिक टन असल्याचे दिसून आले. यांपैकी फार मोठ्या संख्येने वनस्पती आजही लागवडीतून नव्हे, तर रानातून येतात.

हे रान राखले कोणी? ज्यांच्याजवळ पदवी नाही, औषधनिर्मितीचा परवाना नाही, अशा वनवासी व ग्रामीण समाजांनी. प्रस्तुत लेखात अशा चार परंपरांचा विचार करावयाचा आहे : सह्याद्रीतील देवराई, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड गाव, कर्नाटकातील सोलिग आणि केरळातील काणी. त्यांच्यापासून वैद्याने व औषधनिर्मात्याने काय शिकावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तत्पूर्वी संहितांचा निर्देश पाहू.

संहितांचा निर्देश

चरकाचार्य सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मान्य करतात की, औषधींची नावे व रूपे शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि अन्य वनवासी जाणतात. मात्र केवळ नावारूपाच्या ज्ञानाने औषधीची योजना कळत नाही. देश, काल व व्यक्ती पाहून जो योजना करतो तो श्रेष्ठ भिषक्, असे ते पुढे म्हणतात. सुश्रुताचार्यही भूमिप्रविभागीय अध्यायात गोपाळ, तापस, व्याध, वनचर आणि कंदमुळांवर जगणारे यांच्याकडून औषधींची ओळख करून घ्यावी, असे सांगतात. आपल्या शास्त्राने ज्ञानाची ही वाटणी आरंभीच मान्य केलेली आहे. ओळख वनवासींची, योजना वैद्याची. पहिल्या अर्ध्या भागाचे ऋण आपण ग्रंथात वाचतो. व्यवहारात मात्र त्याची नोंद कोठेही ठेवत नाही.

संग्रहाचे नियम चरकाच्या कल्पस्थानात पहिल्या अध्यायात आहेत. कोवळ्या शाखा व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात, किंवा पाने गळून पुन्हा फुटल्यावर शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले व फळे त्यांच्या-त्यांच्या ऋतूत. ऋतूंविषयी सुश्रुताचे मत काहीसे निराळे असून तो सौम्य औषधी सौम्य ऋतूत व आग्नेय औषधी आग्नेय ऋतूत घ्याव्यात असे म्हणतो. मतभेद असला तरी दोघांना एक गोष्ट मान्य आहे : बाराही महिने सर्व काही तोडावयाचे नसते.

याच ठिकाणी चरकाने औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी हे सांगताना काही स्थाने वर्ज्य केली आहेत. त्यांत स्मशान, वारूळ व क्षारयुक्त जमीन यांच्या बरोबरीने चैत्य आणि देवयजनाची स्थानेही येतात. टीकेच्या अंगाने याचा विचार शुद्धाशुद्धतेपुरता होतो. आमच्या मते याचा व्यावहारिक परिणामही लक्षात घेण्याजोगा आहे. देवस्थानच्या भूमीवर वैद्याने हात घालू नये असा नियम असेल, तर प्रत्येक परिसरात औषधींचा एक अस्पर्श साठा आपोआप शिल्लक राहतो. हा नियम ग्रंथात राहिला. तो प्रत्यक्ष पाळला देवराया राखणाऱ्या गावकऱ्यांनी.

देवराई : न घेण्याचा नियम

पश्चिम महाराष्ट्रात देवराई, कोकणात देवरहाटी, कर्नाटकातील कोडगूत देवरकाडु, केरळात काव, राजस्थानात ओरण, झारखंडात सरना. नावे भिन्न, कल्पना एक. काळकाई, वाघजाई, सोमजाई, भैरव अशा ग्रामदैवतांच्या नावे राखलेले हे वनखंड कोठे काही गुंठ्यांचे, कोठे अनेक एकरांचे आहेत. तेथे कुऱ्हाड चालत नाही. अनेक ठिकाणी वाळलेली काटकीही चुलीसाठी आणली जात नाही. गावाच्या निकडीसाठी एखादे झाड लागलेच, तर देवाचा कौल घ्यावा लागतो.

पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास करून त्यांचे महत्त्व शास्त्रीय जगासमोर मांडले. भोवतालच्या टेकड्या उजाड झाल्या असतानाही देवराईत मूळच्या वनाचा नमुना टिकून राहतो, हे त्यांच्या अभ्यासाने स्पष्ट झाले. गारंबीसारखे प्रचंड वेल, सातवीण, बेहडा, काजरा यांची जुनी झाडे आणि बारमाही झरा असे चित्र सह्याद्रीतील पुष्कळ देवरायांत आढळते. झरा तेथे असणे हाही योगायोग नव्हे. दाट पालापाचोळ्याखालील भुसभुशीत माती पावसाचे पाणी मुरवते आणि पुढे सावकाश सोडते. बीज, पाणी आणि माती या तिन्हींची ती गावची ठेव असते.

येथे आम्हांस आमचीच एक चूक नमूद करावयाची आहे. काही वर्षांपूर्वी अशोकारिष्टासाठी आलेली साल आम्ही परत पाठवली. पोत्यात खऱ्या अशोकाबरोबर बागेतील उंच, सरळ वाढणाऱ्या आसुपालवाची साल मिसळलेली होती. आम्ही 'अस्सलच हवी' असे बजावले. भाव मात्र वाढवून दिला नाही. पुढच्या खेपेस अस्सल साल आली. जाड, रुंद, आतून तांबूस असे तिचे लांबलचक तुकडे पाहून आम्ही समाधान व्यक्त केले आणि सहकाऱ्यांनाही ते कौतुकाने दाखवले. त्यानंतर काही महिन्यांनी कोकणातील एका देवरहाटीत जाण्याचा योग आला. ओढ्याकाठी अशोकाची दोन झाडे उभी होती. आम्ही सालीस हात लावून पाहत असता तेथील वृद्ध गुरव म्हणाले, "वैद्यबुवा, हात लावा, पण नख लावू नका. एवढीच राहिलीत. खालच्या ओढ्यावरची सगळी सोलून नेली."

रुंद तुकड्यांचा अर्थ तेव्हा आमच्या ध्यानात आला. फांदीची साल अरुंद व पातळ निघते. हातभर रुंदीचे तुकडे मुख्य खोड सोलल्यावाचून मिळत नाहीत. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांपर्यंत जाते. खोडाच्या भोवताली पूर्ण कडे सोलले की हा मार्ग तुटतो, मुळे उपाशी राहतात आणि झाड कालांतराने वाळते. ज्या मालाची आम्ही प्रशंसा केली, तो त्या झाडांच्या मृत्यूचा पुरावा होता. कोणत्या ओढ्यावरचा, हे आम्ही विचारलेही नव्हते. खरा अशोक, म्हणजे सराका असोका, आंतरराष्ट्रीय लाल यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे. भेसळ ही रुग्णाची फसवणूक आहे, यात शंका नाही. परंतु भेसळीचे मूळ झाडांच्या दुर्मिळतेत आहे आणि त्या दुर्मिळतेत आमच्यासारख्या खरेदीदारांचा वाटा आहे.

देवराईविषयी अवास्तव समजूतही नको. पुष्कळ देवराया आज क्षीण झाल्या आहेत. लहानशा घुमटीच्या जागी सिमेंटचे मोठे मंदिर बांधण्यासाठी त्याच देवाच्या रानातील झाडे विकली गेल्याची उदाहरणे आहेत. रस्ते आले, तरुण पिढी शहरात गेली, कौल घेणारी माणसे गेली. केवळ भयावर उभा असलेला नियम भय ओसरले की ढासळतो. म्हणून पुढील उदाहरण अधिक विचारात घेण्याजोगे आहे, कारण तेथे गावाने नियम स्वतः चर्चेने घडवले.

मेंढा (लेखा) : नियम करणारे गाव

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. लेखा या गावाजवळ असल्याने ते मेंढा (लेखा) या नावाने ओळखले जाते. १९८० च्या दशकात या भागातील प्रस्तावित धरणांना झालेल्या विरोधातून आदिवासी स्वशासनाचा विचार पुढे आला. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचे साहचर्य यांतून मेंढा ग्रामसभेने एक वेगळी रीत घालून घेतली. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यावयाचा. आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषयाचा अभ्यास करावयाचा.

या रीतीने गावाने आपल्या रानाविषयी नियम ठरवले. रानाला आग लावावयाची नाही, अतिक्रमण करावयाचे नाही, ग्रामसभेच्या अनुमतीवाचून बाहेरच्याने काही न्यावयाचे नाही, घरच्या गरजेसाठी किती घ्यावे यालाही मर्यादा. मधाच्या बाबतीत त्यांनी पोळे जाळण्याची व माश्या मारण्याची पद्धत सोडून, मधाचा भाग तेवढा कापून घ्यावा आणि अंड्यापिल्लांचा भाग राखावा, ही पद्धत शिकून घेतली. आपल्या योगांत अनुपान म्हणून मधाचा केवढा वापर होतो हे लक्षात घेता, तो कोणत्या पद्धतीने काढला याची चौकशी आपण क्वचितच करतो, ही खेदाची गोष्ट आहे.

वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. त्यान्वये २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे २०१३ साली गावाने ग्रामदान कायद्यान्वये आपली शेतजमीनही ग्रामसभेस अर्पण केली.

यातून आपल्या व्यवसायास मिळणारा धडा स्पष्ट आहे. ज्या रानाला कोणी धनी नाही, तेथे 'मी घेतले नाही तर दुसरा नेईल' ही वृत्ती बळावते. आवळा पिकण्यापूर्वीच तोडला जातो, फळांसाठी फांद्या छाटल्या जातात, वावडिंगाचा वेल फळांसह कापून खाली ओढला जातो. गाव धनी असले आणि उद्याही तेच रान आपले राहणार याची खात्री असली, म्हणजे फळ पिकेपर्यंत थांबणे परवडते. कल्पस्थानातील 'यथाऋतू' हा नियम पाळण्यासाठी तोडणाऱ्याला असे अभय लागते.

सोलिग : देशपरत्वे नियम भिन्न

मेंढ्याने आगीस बंदी केली. आता उलट वाटणारे उदाहरण पाहू. कर्नाटकातील चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगन डोंगरांत सोलिग समाज राहतो. आवळा, मध, दगडफूल अशा वनोपजांवर त्यांची उपजीविका चालत आली. हे सोलिग पूर्वी उन्हाळ्याच्या आरंभी, रान पूर्ण वाळण्याआधी, जमिनीलगतचा पालापाचोळा हलक्या आगीने जाळत. या आगीला ते 'तरगु बेंकी' म्हणत. १९७४ साली तेथे अभयारण्य झाले आणि ही प्रथा बंद पडली.

त्यानंतरच्या दशकांत तेथील रानात घाणेरीची दाटी झाली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढले. बांडगूळ झाडाचा रस शोषते, फळे कमी होतात आणि भार वाढला की झाडही मरते. सोलिग वृद्धांचे म्हणणे असे की, वेळेवर लावलेली हलकी आग घाणेरी व बांडगूळ यांना आवर घालीत असे. ती थांबल्याने दोन्ही माजली. परिसरशास्त्रज्ञांनी सोलिगांसमवेत काम करून या ज्ञानाची दखल घेतली. आवळ्याच्या घटीचे खापर आधी केवळ तोडणाऱ्यांवर फुटत होते. कारणे त्याहून अधिक गुंतागुंतीची असल्याचे त्यातून दिसून आले. २००६ साली तेथे विक्रीसाठी वनोपज गोळा करण्यास बंदी आली आणि अनेक कुटुंबांची मिळकत गेली. २०११ साली सोलिगांच्या पाड्यांना सामूहिक वनहक्क मिळाले; व्याघ्रप्रकल्पात असे हक्क मिळण्याचे ते देशातील पहिले उदाहरण मानले जाते.

एके ठिकाणी आग वर्ज्य, दुसरीकडे आग उपयुक्त. हा विरोधाभास वैद्याला तरी बुचकळ्यात टाकणारा नसावा. जांगल, आनूप व साधारण असा देशभेद मानणारे आपले शास्त्र आहे. एका देशातील पथ्य दुसऱ्या देशात अपथ्य ठरू शकते. भूमीची चिकित्साही देश-काल पाहूनच करावी लागते, आणि त्या देशाचे सात्म्य पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांस अधिक ठाऊक असते. दूरच्या कार्यालयातून सर्व रानांना एकच नियम लावणे म्हणजे प्रकृती न पाहता सर्व रुग्णांना एकच योग देणे होय. सर्वत्र आग लावावी असा याचा अर्थ कोणी काढू नये. कोठे, केव्हा व कोणी, हे जाणणाऱ्यांस विचारावे, एवढाच अर्थ आहे.

काणी : ज्ञानाचे ऋण

चौथे उदाहरण ज्ञानाच्या मोबदल्याविषयी आहे. १९८७ साली केरळातील अगस्त्यमलै परिसरात संशोधकांची एक तुकडी काणी जमातीच्या वाटाड्यांसह हिंडत होती. संशोधक थकून जात असता वाटाडे मात्र एक लहान फळ खाऊन ताजेतवाने राहत. ती वनस्पती आरोग्यपाच्च, म्हणजे ट्रायकोपस झेलॅनिकस. तिरुवनंतपुरमजवळील पालोड येथील वनस्पति-उद्यान संशोधन संस्थेत डॉ. पी. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली तिच्यापासून 'जीवनी' हे औषध तयार झाले. १९९५ साली कोइमतूर येथील एका आयुर्वेदीय फार्मसीस सात वर्षांसाठी निर्मितीचा परवाना देण्यात आला. त्यापोटी १० लाख रुपये शुल्क आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन ठरले, व त्यातील निम्मा भाग काणींना द्यावयाचे संस्थेने मान्य केले. ही रक्कम स्वीकारण्यासाठी १९९७ साली काणींचा विश्वस्त निधी स्थापन झाला.

हा प्रयोग जगभर नावाजला गेला. पण त्यातील उणिवाही अभ्यासल्या पाहिजेत. जमातीच्या काही पारंपरिक वैद्यांनी, ज्यांना तेथे 'प्लाति' म्हणतात, आपले ज्ञान असे दिले जाण्यास आक्षेप घेतला होता. दोन-तीन वाटाड्यांची संमती ही सर्व जमातीची संमती होते काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. शिवाय वनातून पाने आणण्यावर वनखात्याने निर्बंध घातल्याने कच्च्या मालाचा पुरवठाही अडला. पैशाची वाटणी ठरली, पण रानावरील हक्क ठरला नव्हता. मेंढा आणि काणी ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली तर असे दिसते की, मोबदला आणि हक्क हे दोन्ही एकत्र असल्यावाचून व्यवस्था टिकत नाही.

कायद्याची सद्यःस्थिती

व्यवसायबंधूंना माहिती असावी म्हणून कायद्याचा थोडक्यात उल्लेख करतो. वनहक्क कायदा, २००६ याने गौण वनोपजाच्या व्याख्येत मध, लाख, बांबू यांच्याबरोबर औषधी वनस्पती, मुळे व कंद यांचा स्पष्ट समावेश केला आणि त्यांवर पात्र वननिवासी समाजांची मालकी मान्य केली. म्हणून जेथे ग्रामसभेस सामूहिक हक्क मिळालेले आहेत, तेथील औषधीचा योग्य विक्रेता प्रथमतः ती ग्रामसभा होय.

जैवविविधता कायदा, २००२ याने जैविक संपत्तीच्या व्यापारी उपयोगातील लाभाचा अंश स्थानिक समाजास मिळावा असे तत्त्व घातले. हे तत्त्व भारतीय उत्पादकांनाही लागू आहे, असा निर्णय २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिला. पुढे २०२३ च्या सुधारणेने, जी १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली, ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाचा वापर, लागवडीतील औषधी वनस्पती, आणि उपजीविकेसाठी व्यवसाय करणारे नोंदणीकृत आयुष चिकित्सक यांना बरीच सूट मिळाली. या सुधारणेचे आपल्या क्षेत्रात बहुतांशी स्वागत झाले. कागदपत्रांचा बोजा कमी झाला हेही खरे. परंतु कायद्याने दिलेली सूट म्हणजे ऋणमुक्ती नव्हे. ग्रंथबद्ध ज्ञान आपले असले, तरी ग्रंथात वर्णिलेले झाड आजही कोणाच्या तरी राखणीतील ओढ्यावर उभे असते. कायदा विचारीत नाही तेथे वैद्याच्या सदसद्विवेकाने विचारावे, हेच सद्‌वृत्त.

फार्मसीत आचरणात आणावयाच्या गोष्टी

१. कच्च्या द्रव्याच्या नोंदवहीत नाव, वजन व भाव यांच्यापुढे आणखी चार रकाने आखावेत : कोणत्या गावच्या रानातून, कोणी तोडले, वनस्पतीचे कोणते अंग, कोणत्या महिन्यात. आरंभी पुष्कळ रकाने रिकामे राहतील. त्या रिकाम्या रकान्यांवरून आपण कोठे उभे आहोत हे कळेल.

२. माल पारखताना केवळ ओळख व शुद्धता न पाहता तोडणीची पद्धतही पाहावी. खोडाच्या सालीचे अतिरुंद तुकडे, फांद्यांसह आलेली फळे, अपक्व बियांचे वावडिंग ही विनाशक तोडणीची चिन्हे आहेत. वावडिंग जुने घेतलेले चालते, किंबहुना सुश्रुताने ते जुनेच हितकर मानले आहे. तेव्हा घाईने कच्चे घेण्याचे प्रयोजन नाही.

३. बाळहिरड्याची मागणी माफक ठेवावी. जुन्नर, आंबेगाव, राजगुरुनगर या तालुक्यांतील महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरड्यापासून रोख पैसा मिळतो, हे खरे. पण सर्वच फळे बाल्यावस्थेत गेली तर सुरवारी हिरडा होणार कोठून, आणि बी पडणार कोठून? प्रत्येक झाडावर काही फळे पिकण्यासाठी राखणाऱ्या गटास अधिक भाव द्यावा.

४. चांगल्या पद्धतीस चांगली किंमत द्यावी. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने सह्याद्रीत हिरडा व बेहडा यांच्यासाठी फेअरवाइल्ड या आंतरराष्ट्रीय मानकानुसार संकलन घडवून आणले आहे. बेहड्याच्या जुन्या वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. फळांना रास्त भाव मिळाल्याने तो वृक्ष लाकडासाठी तोडण्यापेक्षा उभा ठेवणे मालकास परवडते. रान राखण्याचा हा सरळ हिशेब आहे.

५. जेथे मूळ घेतल्याने वृक्षच नष्ट होतो, तेथे पर्यायाचा विचार करावा. बृहत् पंचमुळातील टेटूसारख्या वृक्षांच्या मुळाऐवजी खोडाची साल किंवा कोवळी रोपे वापरता येतील काय, याविषयी संशोधन झालेले आहे. ते समजून घ्यावे. अष्टवर्गासाठी शतावरी, विदारीकंद, अश्वगंधा व वाराहीकंद ही प्रतिनिधी द्रव्ये भावप्रकाशाने उघडपणे सांगितली आहेत. प्रतिनिधी द्रव्य आणि भेसळ यांत हाच भेद आहे की, पहिले सांगून घातले जाते व दुसरे लपवून.

६. जटामांसी, कुष्ठ, गुग्गुळ, सर्पगंधा, रक्तचंदन यांसारख्या संकटग्रस्त द्रव्यांची खरेदी लागवडीतून किंवा वैध मार्गानेच करावी, आणि चिकित्सकांनी ती गरजेपुरतीच योजावीत. कुष्ठ व जटामांसी यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारान्वये नियंत्रित आहे, हे निर्यातदारांनी विसरू नये.

७. शक्य त्या शाखेने आपल्या तालुक्यातील एका देवराईशी किंवा ग्रामसभेशी नाते जोडावे. औषधी गोळा करण्यासाठी नव्हे. बी घेऊन रोपे करण्यासाठी, आणि तेही तेथील लोकांच्या अनुमतीने. अशोकाचे रोप आज लावले तर साल देण्याजोगे होण्यास अनेक वर्षे लागतील. ती साल आपल्या हयातीत आपल्या उपयोगी पडेलच असे नाही. देवराई राखणाऱ्यांनी हा हिशेब कधी केला नव्हता.

उपसंहार

चारही उदाहरणांतून एकच सूत्र दिसते. भूमी राखणाऱ्या समाजांनी काय घ्यावे यापेक्षा काय घेऊ नये, कधी थांबावे आणि हे कोणी ठरवावे, याचे नियम केले. आपल्या संहितांतही तेच नियम आहेत. मधल्या काळात वैद्य रानापासून दूर झाला. त्याच्या व रानाच्या मध्ये दलाल, गोदाम आणि दरपत्रक आले. वैद्य स्वतः रानात जात असे तेव्हा सोललेले झाड त्याच्या डोळ्यांपुढे असे. आज त्याला केवळ साल दिसते. म्हणून रान राखण्याचे काम आज ज्या कागदावर होते किंवा बिघडते, तो कागद म्हणजे आपली खरेदीची चिठ्ठी.

आमच्या फार्मसीत आता अशोकाची साल पूर्वीपेक्षा कमी येते, महाग पडते, आणि काही महिने अशोकारिष्ट उपलब्ध नसते. ग्राहकांना आम्ही तसे सांगतो. बहुतेकांना कारण पटते; काही दुसरीकडे जातात. हा तोटा आम्ही औषधाच्या मूल्यातील एक भाग समजतो. आत्रेयांनी भूमी नीरस होण्यापूर्वी औषधींचा संग्रह करावयास सांगितले होते. आज त्या आज्ञेचा अर्थ गोदामे भरणे असा घेता येणार नाही. औषधी जेथे आहेत तेथेच त्यांना राखणे, हाच आजचा संग्रह होय.

स्वाध्याय

१. आपल्या फार्मसीत किंवा चिकित्सालयात सर्वाधिक लागणाऱ्या दहा द्रव्यांची यादी करा. त्यांतील किती रानातून येतात आणि किती द्रव्यांसाठी झाड मारावे लागते, ते लिहा.

२. चरक व सुश्रुत यांनी सांगितलेल्या संग्रहकालाशी आपल्या पुरवठादाराचा प्रत्यक्ष तोडणीकाल ताडून पाहा.

३. मेंढ्याची आगीवरील बंदी व सोलिगांची हलकी आग, यांची संगती देशविचाराच्या आधारे लावा.

४. आपल्या तालुक्यातील एका देवराईस भेट देऊन तेथील नियम वृद्धांकडून समजून घ्या. नोंद करण्यापूर्वी त्यांची अनुमती घ्या आणि कोणतेही अंग तोडू नका.

इत्यलम्।